खेळमाळा

खेळमाळा : बालवाडीत किंवा घरात लहान मुलांसाठी उभारलेला उंच मंच. वर बसायला जागा, खाली खेळघर आणि चढायला शिडी अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. अमेरिकेतील अनेक बालवाड्यांमध्ये असे माळे आढळतात.

जोडणी : सुटे भाग सपाट फरशीवर मांडून मोजून घेतात. नटबोल्ट आधी सैल बसवतात, पाणसळीने पातळी तपासतात आणि मगच पान्याने आवळतात. पहिलाच बोल्ट घट्ट केला तर चौकट तिरकी होते. सांगाडा मजबूत भिंतीला अँकर बोल्टने जखडतात. नुसत्या गिलाव्यात ठोकलेला खिळा भार पेलत नाही.

कठडा : अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची मैदानी खेळसाधनांसाठीची मार्गदर्शिका इथेही उपयोगी पडते. तिच्यानुसार शाळापूर्व वयासाठी ७६ सेंमी.हून उंच मंचाला बंदिस्त कठडा हवा आणि त्याची उंची किमान ७४ सेंमी. असावी. सुमारे ९ ते २३ सेंमी. रुंदीची फट सर्वांत धोक्याची, कारण तिच्यातून धड निसटते पण डोके अडकते. कठड्याला आडव्या पट्ट्या नसाव्यात. मुले त्यांची शिडी करतात.

देखभाल : लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे बोल्ट ढिले पडतात. ते नियमित आवळावेत. कुसळे पॉलिशपेपरने घासावीत, तडा गेलेली फळी बदलावी.

सुरक्षा : माळ्याखाली अंथरलेला साधा गालिचा पडण्याचा मार पुरेसा झेलत नाही. लोंबते दोर, ओढणी किंवा डोक्यावरचे हेल्मेट अडकून गळफास बसू शकतो. म्हणून या वस्तू माळ्यावर नेऊ देऊ नयेत आणि खेळताना मोठ्या माणसाने जवळ थांबावे.