नटाचे आटे

सप्टेंबर १९९७, ओकलंड. अलास्का एअरलाइन्सचं एमडी-८३ हँगरमध्ये तपासणीला आलंय. त्याच्या शेपटीवरचा आडवा पंख एका लांब स्क्रूने कलवला जातो आणि तो स्क्रू नटातून फिरतो. दोघांमधला मोकळा खेळ मोजला की आटे किती झिजले ते कळतं. मोजमाप: ०.०४० इंच. कमाल मर्यादाही तेवढीच. नट बदलायचा, अशी नोंद होते.

३० सप्टेंबर. पुन्हा मोजणी. ०.०३३. पाच वेळा मोजून तेच. नट तसाच राहतो, विमान सेवेत परततं. झिजलेले आटे आपोआप भरून येत नाहीत. दोनपैकी एक मोजमाप चुकलं होतं आणि भरवसा सोयीच्या आकड्यावर ठेवला गेला. पुढची मोजणी: मार्च २०००.

२४ सप्टेंबर १९९९, सॅन फ्रान्सिस्को. स्क्रूला ग्रीस भरल्याची नोंद. हे काम पूर्वी बरंच लवकर यायचं. १९९६ पासून ते आठ महिन्यांवर, म्हणजे सुमारे २,५५० उड्डाणतासांवर गेलेलं. नियामकांना ते मान्य होतं.

३१ जानेवारी २०००, पॅसिफिक वेळ १३:३७. तेच विमान उड्डाण २६१ म्हणून मेक्सिकोच्या पुएर्तो व्हायार्ताहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघतं. ८३ प्रवासी, ५ कर्मचारी.

१३:४९. ऑटोपायलट सुटतो. आडवा पंख जागच्या जागी अडकलाय. नाक वर ठेवायला वैमानिकांना दांडा ओढून धरावा लागतो. पुस्तकातली तपासयादी ताबडतोब उतरायला सांगत नाही. विमान ३१,०५० फुटांवर उत्तरेकडे जात राहतं.

१५:५० च्या सुमारास. रेडिओवर कंपनीशी बोलणं. लॉस एंजेलिसला उतरावं की ठरल्याप्रमाणे सॅन फ्रान्सिस्को गाठावं? कॅप्टन लॉस एंजेलिस ठरवतात.

१६:०९. अडकलेला पंख हलवायचा आणखी एक प्रयत्न. तो हलतो आणि नाक खाली जातं. सुमारे ८० सेकंदांत विमान २३,००० ते २४,००० फुटांच्या दरम्यान येतं. दोघे मिळून ते सावरतात.

पुन्हा तो प्रयत्न करायची भीती वाटते, असं कॅप्टन रेडिओवर कंपनीच्या मेकॅनिकला सांगतात.

१६:१५. कॅप्टन नियंत्रकाकडे परवानगी मागतात: आणखी खाली यायचंय, उतरण्याच्या स्थितीत विमान ताब्यात राहतं का ते पाहायचंय, आणि हे सगळं पाण्यावरच करायचंय. खाली वस्ती नको, हा विचार त्या घाईतही त्यांनी सोडला नाही. घटनाक्रमातली ही नोंद मला सर्वांत मोठी वाटते.

१६:१७. स्लॅट बाहेर, फ्लॅप ११ अंशांवर. विमान स्थिर. मग दोन्ही आत घेतले जातात. सहवैमानिकाचं मत: ताब्यात आहे तर उतरूया. कॅप्टन मान्य करतात.

१६:१९:३६. प्रचंड आवाज. नाक सरळ खाली. उंची सुमारे १७,८०० फूट. विमान उलटं होतं. वैमानिक उलट्या विमानालाही उडवत ठेवायला झगडतात. आसपासच्या विमानांमधले वैमानिक नियंत्रकाला दिसतंय ते कळवत राहतात.

१६:२१ च्या सुमारास. अनाकापा बेटाजवळ पॅसिफिक महासागर. ८८ पैकी कोणीही वाचलं नाही.

समुद्रतळाहून स्क्रू वर काढला, तेव्हा नटातले आटे तारेसारखे त्याला गुंडाळलेले होते. त्यांची जवळपास ९० टक्के जाडी आधीच झिजून गेली होती. स्क्रूचा जो भाग नटातून फिरतो, तिथे कामाचं ग्रीस सापडलं नाही. नटात ग्रीस जाण्याची वाट सुकलेल्या गाळाने बुजलेली होती.