आतड्यातील पॉलिपचे एंडोस्कोपी प्रतिमांकन

आतड्यातील पॉलिपचे एंडोस्कोपी प्रतिमांकन म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतील आवरणावर वाढलेले पॉलिप दुर्बिणीने शोधण्याचे व त्यांचा प्रकार दृश्यावरून ओळखण्याचे तंत्र होय. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी असतात. परंतु ॲडिनोमा या प्रकाराचे काही वर्षांत कर्करोगात रूपांतर होऊ शकते. तो वेळीच काढल्यास हा धोका टळतो. म्हणून पॉलिप दिसणे आणि त्याचा प्रकार कळणे या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या ठरतात.

पार्श्वभूमी

१९६९ मध्ये न्यूयॉर्क येथे विल्यम वोल्फ व हिरोमी शिन्या यांनी पोट न उघडता, कोलोनोस्कोपमधून तारेचा फास टाकून पॉलिप काढण्यास सुरुवात केली. मात्र साध्या पांढऱ्या प्रकाशात सपाट पॉलिप सहज लक्षात येत नाहीत. लागोपाठ दोनदा तपासलेल्या रुग्णांवरील अभ्यासांच्या २००६ मधील एकत्रित विश्लेषणात, पहिल्या तपासणीत सुमारे २२ टक्के पॉलिप नजरेतून सुटल्याचे आढळले. त्यांत लहान पॉलिपचे प्रमाण अधिक होते.

प्रमुख तंत्रे

रंगद्रव्याचा वापर : इंडिगो कार्माइनचे निळे द्रावण फवारल्यास ते आवरणावरील खाचांत साचते व पॉलिपच्या कडा उठून दिसतात. जपानी वैद्य शिन-ई कुडो यांनी ग्रंथींच्या मुखांच्या आकृतिबंधावरून पॉलिपचे पाच मुख्य प्रकार मांडले.

अरुंद-पट्टा प्रतिमांकन : यात ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा व ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश वापरतात. रक्तातील हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषून घेते. त्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या गडद दिसतात. ॲडिनोमात त्यांचे जाळे दाट असल्याने तो भोवतालपेक्षा तपकिरी भासतो.

कृत्रिम बुद्धिमत्ता : संगणक चालू चित्रणातील संशयास्पद जागेभोवती चौकट दाखवतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पहिल्या प्रणालीला २०२१ मध्ये परवानगी दिली.

मर्यादा

कॅमेऱ्यासमोर जे येते तेवढेच संगणक दाखवू शकतो. आतडे नीट साफ नसल्यास किंवा पॉलिप घडीमागे दडल्यास कोणतेही तंत्र उपयोगी पडत नाही. बैठे दंतुर पॉलिप निरुपद्रवी पॉलिपसारखे दिसतात. मात्र त्यांतूनही कर्करोग उद्भवू शकतो.

अमेरिकेतील जठरांत्र एंडोस्कोपी संस्थेने २०११ मध्ये यासंबंधी निकष मांडले. मलाशय व त्यालगतच्या आतड्यातील ५ मिलिमीटरपर्यंतचा पॉलिप न काढता ठेवायचा असल्यास, 'हा ॲडिनोमा नाही' हे दृश्य निदान किमान ९० टक्के वेळा अचूक ठरले पाहिजे, असा त्यांतील एक निकष आहे. दृश्यावरून केलेले निदान हा अंदाज असतो. काढलेल्या पॉलिपच्या प्रकाराची निश्चिती सूक्ष्मदर्शकाखालील ऊतितपासणीनेच होते.