जालन्याचे हवापाणी

बदली होऊन परगावी गेलेल्या माणसाला आपल्याकडे पहिल्या भेटीत कोणी पगाराविषयी विचारीत नाही, कचेरीतील वरिष्ठांविषयीही विचारीत नाही. 'तिकडचे हवापाणी मानवले का?' असेच विचारतात, आणि या एका प्रश्नात स्थलांतराचा जो अनुभव सामावला आहे तो मला स्वतः जालन्यास येईपर्यंत नीटसा उमगला नव्हता. कृष्णाकाठच्या वाईहून बदलीच्या हुकुमान्वये मी या गावी उतरलो तो चैत्र संपता संपता. दुपारी दोनच्या सुमारास काही वस्तू खरेदी कराव्यात म्हणून सदर बाजारात गेलो, तर निम्मी दुकाने अर्धी मिटलेली, ताडपत्र्या खाली सोडलेल्या आणि रस्त्यावर माणूस नाही. गावात काही दुर्घटना घडली असावी अशीच माझी समजूत झाली. संध्याकाळी शेजारच्या वाड्यातील वयोवृद्ध आजींना हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तर, इथं दुपार म्हणजे दुसरी रातच असते. ऊन उतरेस्तोवर दारं लावून घ्यायची अन् रातच्याला सताड उघडी टाकायची." वाईला आम्ही दिवसा दारे उघडी ठेवून रात्री लावून घेत असू. माझ्या शिक्षणाची सुरुवात ही अशी झाली.

पुढे त्या शिक्षणाच्या ओघातच जुनी गॅझेटिअरे चाळताना एक नोंद नजरेस पडली आणि मी चकित झालो. हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा मूळ पुरुष निजाम-उल-मुल्क याला औरंगाबादेपेक्षा जालना अधिक आरोग्यदायी वाटे व त्याची तेथील वास्तव्याची आवड विशेष होती, असे त्या नोंदीत म्हटले होते. गावाच्या पूर्वेस जो किल्ला आणि जी गढी आहे, ती त्याच्याच हुकुमावरून काबिलखानाने 1725 साली बांधविली. मस्तगड या नावाने ती आजही ओळखली जाते आणि पुढे नगरपालिकेच्या कचेरीसही तिनेच आसरा दिला. ज्या गावच्या उन्हाने मी पहिल्याच आठवड्यात हवालदिल झालो होतो, त्याच गावची हवा दख्खनच्या सुभ्याचा धनी प्रकृतीस मानवणारी म्हणून निवडीत होता! हवेत फरक पडला असेल, नसेल. परंतु मला वाटते, माणूस नव्या गावचे ऊन मोजतो ते मागे सोडलेल्या गावच्या मापाने, आणि हे माप सुटेपर्यंत त्याला नवे गाव दिसतच नाही.

अबुल फझलाचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. अकबराच्या दरबारापासून दूर, दख्खनच्या मोहिमेवर असताना तो काही काळ जालन्यास राहिल्याचे सांगतात. आग्र्याच्या ज्येष्ठातील लू ज्याने सोसली, त्याला कुंडलिकेच्या काठचा उन्हाळा फारसा प्रखर वाटला नसावा. शिवाय उन्हाशी कसे वागावे याचे शास्त्र या पुरुषाने स्वतःच लिहून ठेवले होते. 'आईन-इ-अकबरी'त बादशाही आबदारखान्याचे जे वर्णन आहे, त्यात शोऱ्याच्या साहाय्याने पाणी गार करण्याची रीत सांगितली आहे: धातूच्या सुरईत पिण्याचे पाणी भरून तिचे तोंड बंद करावयाचे, दुसऱ्या भांड्यातील पाण्यात शोरा कालवावयाचा आणि सुरई त्या पाण्यात फिरवीत राहावयाचे, शोरा विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो आणि सुरईतील पाणी थंड होते. वाळ्याच्या पडद्यांचाही उल्लेख त्या ग्रंथात आहे. 1602 साली उत्तरेकडे परतत असताना वाटेतच त्याचा वध झाला.

जालन्याचे खरे वैभव मात्र पाण्याचे होते. जमशेदखान नावाच्या अंमलदाराने मशीद आणि सराई यांबरोबर मोती तलाव बांधविला, आणि त्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातील हौदांत खेळविले. त्यांतील मुख्य हौद सराईच्या चौकात होता. दिवसभराची मजल मारून आलेला व्यापारी, बैल सोडून, तोंडावरची धूळ त्या हौदाच्या पाण्याने धूत असेल तेव्हा त्याला हे गाव कसे भासत असेल, याची कल्पना करावी. पुढे हे नळ आणि हौद नादुरुस्त झाले, तलावाचे पाणी केवळ बागाइतीपुरते उरले. पण त्या बागांनीही गावाचे नाव राखले आणि येथील फळे हैदराबाद व मुंबईच्या बाजारापर्यंत जाऊ लागली. 'जालना, सोने का पालना' ही म्हण व्यापारपेठेच्या भरभराटीवरून पडली असे मानतात. तिच्यात या पाण्याचाही वाटा आहे असे माझे मत आहे.

उन्हाळ्याची सवय नसलेली माणसे मोठ्या संख्येने या मुलखात आली ती सैन्याबरोबर. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी इंग्रज सेनापती वेलस्लीची जी लढाई झाली, तीत त्याच्या बाजूस 74 वी आणि 78 वी या स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशाचे नाव लावणाऱ्या पलटणी होत्या, आणि त्यांपैकी पहिलीची तर त्या दिवशी धूळधाण झाली. धुक्याच्या डोंगरांतून निघालेली ती तरुण मुले केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात पडली. त्यानंतर कंपनीचे सैन्य जालन्यास वारंवार राहू लागले. 1827 साली येथे रीतसर छावणी वसली आणि हैदराबाद कंटिंजंटची पथके तेथे 1903 पर्यंत होती. त्या फौजेत अयोध्येकडील शिपायांचा भरणा मोठा होता. आपल्याकडे ज्यांना परदेशी म्हणून ओळखतात, अशी कित्येक कुटुंबे या फौजांच्या मागोमागच दख्खनेत आली आणि येथलीच झाली.

या छावणीतील दिनक्रम कसा असेल हे त्या काळच्या हिंदुस्थानातील इतर छावण्यांवरून सहज ध्यानी येते. कवायत सूर्योदयापूर्वी उरकावयाची. ऊन चढण्याच्या आत शिपाई बराकीत आणि साहेब बंगल्यात. पश्चिमेच्या दारांना वाळ्याच्या ताट्या बांधलेल्या आणि भिस्ती घटकेघटकेला पखालीतले पाणी त्यांवर मारीत असलेला. आत छताला टांगलेला पंखा, आणि बाहेर व्हरांड्यात बसून त्याची दोरी ओढणारा गडी. कोरड्या वाऱ्याची झुळूक ओल्या वाळ्यातून आत आली की पाण्याची वाफ होता होता ती हवेतील उष्णता घेऊन जाते. म्हणूनच हा उपाय जालन्यास लागू पडतो आणि दमट मुंबईत निरुपयोगी ठरतो. इंग्रज अधिकाऱ्याला हे ज्ञान शिकविणारा कोण होता? तोच भिस्ती, तोच पंखेवाला. साहेबांची नावे दप्तरात आहेत, काहींची थडग्यांवरही आहेत. त्यांना उन्हाळा निभावून नेण्यास शिकविणाऱ्या या माणसांचे एकही नाव कोणी टिपून ठेवले नाही, याचे मला मनापासून दुःख होते. आणि शिकवूनही शिष्य किती हट्टी असावेत! लोकरीचा लाल डगला टाकून सुती खाकी अंगावर घेण्यास सरकारी फौजेला एकोणिसावे शतक जवळजवळ संपेपर्यंतचा काळ लागला.

नारायण शेषाद्री हे नाव आज जालन्याबाहेर फारसे कोणी घेत नाही. मुंबईस मिशनच्या शाळेत शिकलेले हे ब्राह्मण गृहस्थ 1843 साली ख्रिस्ती झाले आणि 1860 नंतर त्यांनी आपले कार्यक्षेत्र म्हणून जालना निवडले. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाचे गाव वसविले. 1873 साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेस ते उपस्थित होते आणि 1891 साली समुद्रप्रवासातच त्यांचा अंत झाला. धर्मांतराविषयी कोणाचे काहीही मत असो. मुंबईसारखे शहर सोडून कोरड्या माळावर घरे उभारणारा हा मनुष्य तात्पुरत्या मुक्कामाचा विचार करीत नव्हता, एवढे खरे. समुद्रकाठचे ऊन घामाने भिजवते आणि रात्रीही सोडीत नाही. मराठवाड्याचे ऊन दिवसा करपवते, पण मध्यरात्रीनंतर वारा सुटतो. दोहोंचे गणित निराळे, आणि हे गणित मांडण्यास एक तरी उन्हाळा पुरता गावात काढावा लागतो.

1900 साली मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे सुरू झाली, सरकीचे आणि कापसाचे व्यापारी आले, जिनिंगचे कारखाने निघाले. मारवाडातून आलेल्याला हा उन्हाळा सौम्यच वाटला असेल. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मग पश्चिमेकडील शिक्षक, कारकून, ओव्हरसियर बदलीवर येऊ लागले. 'मराठवाड्यात बदली' हे शब्द त्या काळी पुण्या-साताऱ्याकडे शिक्षेसारखे उच्चारले जात. मला ते आता अन्यायाचे वाटतात. जांबेच्या ठोसरांच्या घरी 1608 साली जन्मलेले समर्थ रामदास याच जिल्ह्यातून निघाले आणि सज्जनगडच्या धुवाधार पावसात अखेरची वर्षे राहिले. इकडच्या माणसाने तिकडचे हवापाणी मानवून घेतले, आम्हांला उलट वाटेने येणे एवढे अवघड का वाटावे?

आता माळवदाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मला हे गाव खऱ्या अर्थाने मानवले ते एका माळवदाखाली. शेजारच्या आजींनी पहिल्या उन्हाळ्यात मला त्यांच्या वाड्यातील एक खोली दुपारपुरती दिली. भिंती दोन-अडीच हात रुंद, दगडमातीच्या. वर सागवानी तुळया, तुळयांवर आडवे सर, सरांवर लाकडी चिपा, त्यांवर कडुनिंबाच्या पाल्याचा थर, आणि त्यावर हातभर माती. मृगाच्या आधी या मातीवर नवी पांढरी माती पसरून ती चोपावयाची, उतार आणि पन्हळी नीट करून घ्यावयाच्या, हा घरातील दर वर्षीचा कुळाचार. खोलीला उजेडापुरता एक झरोका, कोपऱ्यात वाळूत रोवलेला रांजण, त्याच्या बाहेरच्या अंगाने सदैव ओल पाझरत असलेली. बाहेर डांबर वितळत असता मी त्या खोलीत भुईवर आडवा झालो, आणि शेणाने सारवलेल्या जमिनीचा गारवा पाठीला लागला तेव्हा माझ्या ध्यानात आले, की मी इतके दिवस वाईचे घर जालन्यात शोधीत होतो. मातीचा जाड थर दिवसभराचे ऊन स्वतःत मुरवून घेतो. ते खाली पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते, आणि रात्री तर सारे बिऱ्हाड अंथरुणे घेऊन माळवदावरच गेलेले असते.

माळवदाची दुसरी बाजू लपविणे हे सत्याला सोडून होईल. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली, ती बव्हंशी अशाच जड मातीच्या छपरांखाली आणि दगडी भिंतींखाली. त्यानंतर मराठवाडाभर माळवदाची धास्ती बसली आणि ती स्वाभाविकच होती. परंतु त्याच्या जागी जे आले ते पत्रा आणि उघडा स्लॅब. दुपारी तापलेला स्लॅब रात्री खोलीत ऊन ओतीत राहतो. खिडकीतील कूलर हा वाळ्याच्या ताटीचाच वंशज, कोरड्या हवेवर आणि पाण्यावर चालणारा. आणि पाणी तर 2012-13 च्या दुष्काळात जालन्यास टँकरने पुरवावे लागले, जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. निजामी अमदानीतील घाणेवाडीचा तलाव आणि पैठणहून येणारी जायकवाडीची जलवाहिनी यांवर आज या शहराची तहान अवलंबून आहे.

मोसंबी हे झाडही मूळचे येथले नव्हे. आफ्रिकेतील मोझांबिकच्या नावावरून तिचे नाव पडले असे सांगतात. जालन्याच्या शेतकऱ्याने तिला येथली केली ती पाणी देऊन नव्हे, पाणी तोडून: आंबे बहार धरण्यासाठी हिवाळ्यात बागेला ताण द्यावयाचा, पाने पिवळी पडून गळू लागली की खत घालून बेताबेताने पाणी सुरू करावयाचे, आणि मग झाड फुलांनी भरून जाते. किती दिवसांचा ताण सोसेल हे हलक्या आणि भारी जमिनीवर ठरते, आणि ते ज्याचे त्याला पाहूनच शिकावे लागते.

माझ्या नंतर वीसएक वर्षांनी बदलीवर आलेल्या एका तरुण सहकाऱ्याने परवा मला विचारले, घर कोणते घ्यावे. मी त्याला जुन्या जालन्यात घेऊन गेलो. आजींचा वाडा आता नाही. पण त्या गल्लीत माळवदाची दोन-चार घरे अद्याप उभी आहेत, आणि त्यांतील एकाच्या मालकाने भिंतींना आधाराचे खांब देऊन, मातीचा थर अर्ध्यावर आणून ते राखले आहे. महानगरपालिकेने, अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी, निदान आपल्या मोहल्ल्याविषयी आस्था असणाऱ्या कोणी तरी या घरांची एकदा मोजदाद करावी, त्यांतील दुपारचे तापमान शेजारच्या स्लॅबच्या घराशी ताडून पाहावे आणि भूकंपात न ढासळेल असे हलके माळवद कसे घालता येईल याचा विचार करावा, अशी माझी विनंती आहे. ही घरे बांधणारे जुने सुतार आणि गवंडी आता फार थोडे उरले आहेत; त्यांना विचारावयाचे असेल तर ते याच उन्हाळ्यात विचारावे.