झाडाला ताण, फळाला पाणी : टाटुराच्या पीचबागेतील एक शोध

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नच्या उत्तरेस, गोलबर्न नदीचे सपाट खोरे आहे. शेपार्टन हे तिथले मुख्य गाव आणि त्याच्या शेजारी टाटुरा. विसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकात या छोट्या गावातील सिंचन-संशोधन केंद्रात काही फळशास्त्रज्ञांनी पीचच्या झाडांचे पाणी ऐन उन्हाळ्यात तोडले आणि झाडांवर काय परिणाम होतो ते मोजत बसले. झाडे खुजी राहिली, फांद्या कमी फुटल्या. फळे मात्र नेहमीएवढीच आली. आज स्पेनपासून कॅलिफोर्नियापर्यंत बागांमध्ये ज्याला ‘नियंत्रित तुटीचे सिंचन’ म्हणतात, त्याची शास्त्रीय सुरुवात या बागेत झाली. गंमत अशी की त्या संशोधकांना पाणी वाचवायचे नव्हतेच.

ही गोष्ट समजण्यासाठी आधी एक शतक मागे जावे लागते. १८८५ मध्ये आल्फ्रेड डीकिन हा व्हिक्टोरियाचा तरुण मंत्री अमेरिकेच्या पश्चिम भागातील कालवे पाहायला गेला. हाच डीकिन पुढे तीनदा ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला. कॅलिफोर्नियात त्याची गाठ जॉर्ज आणि विल्यम चॅफी या बंधूंशी पडली. या बंधूंनी १८८७ पासून मरे नदीच्या काठी मिल्डुरा आणि रेनमार्क येथे सिंचित वसाहती उभारल्या. १८८६ च्या कायद्याने नद्यांच्या पाण्यावर राज्याची मालकी प्रस्थापित झाली होती. पुढे १९०७ मध्ये एलवुड मीड हा अमेरिकी अभियंता व्हिक्टोरियाच्या जलआयोगाचा प्रमुख झाला. (अमेरिकेतील हूवर धरणाच्या जलाशयाला त्याचेच नाव आहे.) त्याच्या काळात पाणीहक्क जमिनीला घट्ट बांधला गेला. पाणी वापरा किंवा वापरू नका, पट्टी भरावीच लागे.

या एका नियमातून पुढचे बरेच काही उलगडते. पैसे आधीच गेलेले, मग पाट वाहता ठेवण्यात तोटा कसला? गोलबर्न खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या बागा तुडुंब भिजवल्या गेल्या. जमिनीखालचे पाणी वर चढत राहिले आणि त्याच्याबरोबर क्षारही. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या पट्ट्यात ज्या जमिनीला चिबड म्हणतात, तीच अवस्था इथे ओढवली. १९७३ आणि १९७४ ही अतिवृष्टीची वर्षे आली तेव्हा भूजल थेट मुळांपर्यंत पोहोचले आणि फळझाडे मोठ्या संख्येने गुदमरून मेली. कोरड्या खंडातील बागा पाण्यात बुडून गेल्या.

दुसरा घाव बाजाराचा होता. शेपार्टनचा पीच आणि पेअर डबाबंद होऊन मुख्यतः ब्रिटनला जात असे. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले आणि राष्ट्रकुलातील मालाला मिळणारी सवलत गेली. त्याआधीच, १९७२ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने फळबागांच्या पुनर्रचनेची योजना काढली होती. पुनर्रचना हा सरकारी शब्द. प्रत्यक्षात झाडे उपटण्यासाठी पैसे मिळत होते.

जे बागायतदार टिकून होते, त्यांच्यासाठी मजुरी कमी आणि उत्पादन जास्त हे गणित सोडवणे भाग होते. टाटुराच्या केंद्रातील डेव्हिड चाल्मर्स आणि बास व्हॅन डेन एंडे यांनी यावर एक मांडणी काढली. झाडे दाट लावायची आणि प्रत्येक झाडाच्या दोन मुख्य फांद्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या तिरप्या तारांवर चढवायच्या. ‘टाटुरा ताटी’ या नावाने ही पद्धत जगभर गेली. पण दाट लागवडीत, सुपीक जमिनीत आणि मुबलक पाण्यात झाड बेफाम वाढते. फांद्यांची गर्दी होते, आतली फळे सावलीत राहतात आणि छाटणीचा खर्च वाढत जातो. संशोधकांपुढचा प्रश्न झाडाला आवर घालण्याचा होता.

उत्तर पीचच्या फळाच्या वाढीतच दडलेले होते. पीच एका लयीत वाढत नाही. फुलोऱ्यानंतर काही आठवडे वाढ होते, मग आतली कोय कठीण होत असताना फळ जणू थांबते आणि शेवटी, काढणीच्या आधीच्या आठवड्यांत, झपाट्याने फुगते. फांद्यांची वाढ मात्र बरीचशी पहिल्या दोन टप्प्यांतच उरकते. झाड आणि फळ यांचे वेळापत्रक असे वेगळे असेल, तर मधल्या काळात पाणी तोडले की मार फांदीला बसेल आणि फळ निभावून जाईल. चाल्मर्स, मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके हेच केले. त्या टप्प्यांत बाष्पीभवनाच्या एका लहानशा हिश्श्याइतकेच पाणी दिले आणि फळ फुगू लागताच पुन्हा पुरेपूर दिले. १९८१ आणि १९८२ मध्ये अमेरिकेच्या फळबागशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. छाटणी घटली, उत्पादन टिकले. १९८४ मध्ये पेअरवरही असेच फळ मिळाले.

मराठी वाचकाला इथे एक शब्द आठवल्यावाचून राहणार नाही : ताण. विदर्भातील संत्र्याचा आणि सोलापूर-नाशिककडील डाळिंबाचा बागायतदार ‘बाग ताणावर सोडली’ असे सहज म्हणतो. आंबे बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत, मृग बहारासाठी मे महिन्यात पाणी तोडायचे, पाने मलूल होऊ द्यायची आणि मग पाणी देऊन फुले काढायची, ही रीत टाटुराच्या प्रयोगांपेक्षा जुनी आहे. सिसिलीतही लिंबाच्या बागा उन्हाळ्यात कोरड्या ठेवून अवकाळी बहार धरत आणि पुढच्या उन्हाळ्यात मिळणारी हिरवी लिंबे चढ्या भावाने विकत. तेव्हा पाणी तोडण्याची कल्पना टाटुराची नाही, हे मान्य करायला हवे. फरक हेतूचा आहे. बहाराचा ताण फुलासाठी असतो. टाटुराचा ताण फळ झाडावर असतानाच दिला जातो, त्यामुळे चूक झाली तर तिची किंमत त्याच हंगामात मोजावी लागते.

आणि चुका झाल्याच. टाटुराची माती अशी की मुळे उथळ राहतात आणि ताण लवकर बसतो, लवकर उतरतो. हीच पद्धत कॅलिफोर्नियाच्या खोल, सुपीक गाळात नेली तेव्हा पाणी तोडूनही झाड आठवडेच्या आठवडे साठ्यावर तरले आणि ताण बसला तो नेमका फळ फुगण्याच्या वेळी. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो आणि भारी काळ्या जमिनीत उशिरा, हे नागपूरच्या कुठल्याही जुन्या संत्रा-बागायतदाराने सांगितले असते. काढणीनंतर पाणी तोडणे तरी निर्धोक असेल, असा एक समज होता. तोही खोटा ठरला. उन्हाळ्याच्या अखेरीस पुढच्या वर्षीच्या फुलांच्या कळ्या आतल्या आत घडत असतात. त्या वेळी ताण बसलेल्या पीचला पुढच्या हंगामात जुळी, सांधलेली फळे लागली. बदामाच्या झाडांनी तर पुढच्या वर्षी फळधारणाच कमी केली.

म्हणजे प्रश्न पाणी किती द्यायचे एवढाच नव्हता. झाडाला या क्षणी किती तहान लागली आहे, हे कळायला हवे होते. इथे एक जुने उपकरण कामी आले. १९६५ मध्ये पेर शोलांडर आणि सहकाऱ्यांनी ‘दाब-कक्षा’ची पद्धत मांडली होती. तोडलेले पान किंवा डहाळी एका बंद नळकांड्यात ठेवायची, देठ बाहेर काढायचा आणि आतला वायूचा दाब वाढवत न्यायचा. देठाच्या टोकावर रसाचा थेंब चमकला की तो दाब नोंदवायचा. झाड जितके तहानलेले, तितका दाब जास्त. उंच वृक्षांच्या शेंड्यांवरील डहाळ्या मिळवण्यासाठी शोलांडरच्या चमूने चक्क बंदुकीने नेम धरून त्या पाडल्या होत्या. बागांत बंदूक लागली नाही. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात केन शॅकेल यांनी प्लमच्या बागांपासून सुरुवात करून हे मापन शेताच्या बांधापर्यंत आणले. दुसरी सोय ठिबकची. साठच्या दशकातच इस्रायलच्या हात्झेरिम किबुट्झमध्ये सिम्खा ब्लास यांच्या ठिबक-नळीचे व्यापारी उत्पादन सुरू झाले होते. पाटाच्या पाण्याने ताण मोजूनमापून देता येत नाही, ठिबकने तो लिटरच्या हिशेबात देता येतो.

द्राक्षाची कथा थोडी वेगळी आहे आणि अधिक वादग्रस्त. वाइनच्या जगात ‘वेलीने सोसलेच पाहिजे’ हा समज जवळजवळ धर्मासारखा मुरलेला होता. स्पेनमध्ये १९७० च्या कायद्याने वाइनच्या द्राक्षमळ्यांना पाणी देण्यावर बंदी होती. नव्वदच्या दशकारंभीच्या भीषण दुष्काळानंतर १९९६ मध्ये ती उठली. जगातील सर्वांत विस्तीर्ण द्राक्षक्षेत्र असलेला हा देश तोवर कायद्यानेच कोरडवाहू होता. या समजात तथ्य किती आणि परंपरा किती, हे डेव्हिसच्या मार्क मॅथ्यूज यांनी ऐंशीच्या दशकात तपासले. फळधारणेपासून मण्यांत पाणी उतरेपर्यंतच्या काळात ताण दिला तर मणी कायमचा लहान राहतो, नंतर कितीही पाणी दिले तरी. पाणी उतरल्यानंतरच्या ताणाने आकार फारसा घटत नाही. लहान मण्यात गराच्या मानाने साल जास्त, आणि तांबड्या वाइनचा रंग सालीत असतो. नाशिकच्या खाण्याच्या द्राक्षाला मात्र टपोरा मणीच हवा. तिथे हा धडा जसाच्या तसा लावणे म्हणजे बागायतदाराचे नुकसानच.

नव्वदच्या दशकात ॲडलेडमध्ये ब्रायन लव्हीस आणि पीटर ड्राय यांनी याहून धाडसी डाव टाकला. वेलीच्या मुळ्यांचे दोन भाग करायचे, एका बाजूला पाणी द्यायचे, दुसरी कोरडी ठेवायची. कोरडी मुळे ॲब्सिसिक आम्ल तयार करतात. ते रसाबरोबर पानांपर्यंत जाते आणि पर्णरंध्रे अर्धवट मिटतात. ओल्या बाजूने पाणी मिळत असूनही वेल दुष्काळ आल्यासारखी वागते. ही फसवणूक फार दिवस टिकत नसल्याने दर काही दिवसांनी बाजू बदलायची. कल्पना देखणी होती, तिचा प्रसारही झपाट्याने झाला. परंतु २००९ मध्ये ॲडलेडमध्येच काम करणारे व्हिक्टर सद्रास यांनी जगभरच्या शेतप्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले. तेवढेच कमी पाणी साध्या पद्धतीने दोन्ही बाजूंना दिले, तरी सर्वसाधारणपणे तेवढाच लाभ होतो, असे निघाले. बराचसा चमत्कार बाजू बदलण्यात नव्हता, पाणी कमी देण्यात होता.

याच सुमारास पाण्याचा प्रश्न स्वतःच बदलून गेला. १९९७ ते २००९ हा मरे-डार्लिंग खोऱ्यातील प्रदीर्घ दुष्काळ. झाडाला आवर घालण्यासाठी शोधलेले तंत्र आता बागा जगवण्यासाठी वापरले जाऊ लागले. २००७ मध्ये व्हिक्टोरियाने मीडच्या काळापासूनची गाठ सोडली. पाणीहक्क जमिनीपासून वेगळा झाला आणि खुलेपणाने विकता येऊ लागला. बागेत वाचवलेल्या पाण्याला बाजारभाव होता. मग ते नदीत राहील कशाला? २०१८ मध्ये क्वेंटिन ग्राफ्टन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये हा विरोधाभास स्पष्ट मांडला : शेतावरची काटकसर वाढली म्हणून खोऱ्याचा एकूण वापर घटतोच असे नाही, बहुधा वाचलेले पाणी नव्या क्षेत्राकडे वळते.

गोलबर्नचे विकले गेलेले बरेचसे पाणी खाली मरेच्या काठी, चॅफी बंधूंच्या मिल्डुराच्या आसपास, नव्या बदामबागांकडे जाऊ लागले. बदामाला पाणी भर उन्हाळ्यात लागते, म्हणून २०१७-१८ आणि २०१८-१९ च्या उन्हाळ्यांत गोलबर्न नदी अवेळी दुथडी भरून वाहवली गेली. काठ ढासळले, काठावरची वनस्पती बुडून गेली, आणि सरकारला पाणी खाली सोडण्याचे नियमच बदलावे लागले.