शर्यतीच्या घोड्यांविषयीची माहिती आणि सामान्य पंटर : मुंबई-पुण्याच्या संदर्भात

दि. १२ जानेवारी १९९६ रोजी डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. घोड्याची तयारी, जॉकीची योग्यता, वाहावयाचे वजन व शर्यतीचे अंतर या वस्तुनिष्ठ बाबी असून पैसे लावणाऱ्यास त्यांचे मूल्यमापन करता येते, हा त्या निर्णयाचा एक आधार होता. मात्र मूल्यमापनासाठी त्या बाबी आधी कळावयास हव्यात. त्या कोणास व कशा कळत होत्या, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

इंग्लंडमध्ये जेम्स वेदरबी यांनी १७७३ मध्ये शर्यतींच्या निकालांची नोंदपुस्तिका छापण्यास प्रारंभ केला आणि १७९१ मध्ये वंशावळीचा ग्रंथ निघाला. मुंबईत टर्फ क्लबची स्थापना १८०२ ची. परंतु भायखळ्याच्या मैदानावर धावणारे घोडे बहुतांशी अरबी होते. आखाती व्यापाऱ्यांबरोबर जहाजाने आलेल्या या घोड्यांची वंशावळ सहसा कागदावर नसे. त्यामुळे व्यापाऱ्याचा शब्द आणि मोतद्दाराची नजर हीच तेव्हाची आधारसामग्री होती.

१८८३ मध्ये महालक्ष्मी येथील मैदान तयार झाले. १९१२ च्या मुंबई रेसकोर्स परवाना कायद्याने शर्यतींना परवान्याच्या चौकटीत आणले. पुढे रेसचे पुस्तक हे पंटरचे मुख्य साधन ठरले. घोड्याचे वय, मातापिता, मागील धावा, वजन, ट्रेनर व जॉकी इतकी माहिती त्यात मिळे, आणि पंटर त्याच्या समासात स्वतःची टिपणे करीत. अशा समासांचे संकलन कोणी केले असते, तर तो इतिहासाचा एक अमोल ऐवज ठरला असता!

छापील पुस्तकात जे नसते ते पहाटेच्या सरावात दिसते. मैदानाच्या कठड्याशी स्टॉपवॉच घेऊन उभा असलेला टिपणकार अखेरच्या ८०० किंवा ६०० मीटरची वेळ नोंदवितो. घोडा सहज धावला की त्यास रेटावे लागले, पाठीवर जॉकी होता की रायडिंग बॉय, हेही तो लिहितो व वृत्तपत्रे ते छापतात. हे काम दिसते तितके सोपे नाही. अंधुक प्रकाशात, केवळ रंग व पांढऱ्या खुणांवरून घोडा ओळखावा लागतो. वेगात असलेला घोडा एका सेकंदात सुमारे सहा घोड्यांच्या लांबीइतके अंतर कापतो. साहजिकच बोटाची किंचित दिरंगाईही निष्कर्ष बदलू शकते. अनेकांच्या नोंदी पडताळल्यास ही चूक कमी होईल, हे उघड आहे.

तथापि अशा सामूहिक नोंदीस टोटच्या पद्धतीतच अडथळा आहे. पॅरिसमध्ये १८६० च्या दशकात जोसेफ ओलेर यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत सर्वांचे पैसे एकत्र होतात आणि क्लबचा हिस्सा व कर वजा जाता उरलेली रक्कम विजेत्यांत वाटली जाते. अचूक माहिती दहा जणांस सांगितली की तोच घोडा दहा जण घेतात आणि सांगणाऱ्याचा परतावा घटतो. त्यामुळे जाणकार मौन पाळतो किंवा टीप विकतो. विकली जाणारी प्रत्येक टीप जाणकाराची असते असेही नाही. क्लबची स्थिती मात्र वेगळी असते. त्याचे उत्पन्न एकूण उलाढालीवर असल्याने माहिती खुली करण्यात त्याचे नुकसान नाही. हाँगकाँग जॉकी क्लब टप्प्याटप्प्याच्या वेळा विनामूल्य देतो, त्यामागे हाच हिशेब असावा.

माहितीच्या मालकीचा प्रश्नही न्यायालयांपुढे आला. नोव्हेंबर २००४ मध्ये युरोपीय न्यायालयाने ब्रिटिश हॉर्सरेसिंग बोर्ड विरुद्ध विल्यम हिल या खटल्यात शर्यतींच्या याद्यांवरील बोर्डाचा विशेष हक्क नाकारला. डिसेंबर २००७ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात केवळ श्रम हा कॉपीराइटचा आधार होऊ शकत नाही, असे म्हटले. या तत्त्वानुसार घोड्याची वेळ टिपून ती मोफत वाटण्यास कॉपीराइटची आडकाठी दिसत नाही; आडकाठी आहे ती टोटच्या हिशेबाची. करव्यवस्थेने तर कौशल्याचा मुद्दाच बाजूस सारला असून २२ सप्टेंबर २०२५ पासून शर्यतीवरील पैज व लॉटरी या दोहोंवर ४० टक्के जीएसटी आहे. स्टॉपवॉच घेऊन पहाटे उभा राहणारा आणि आकडा पाहून तिकीट घेणारा, दोघांनाही तो सारखाच भरावा लागतो.