‘उडता’ म्हणविलेला कोळी

इंग्लंडांतील डॉर्सेट परगण्यांत ब्लॉक्सवर्थ नांवाचें खेडें आहे. तेथील धर्मोपदेशक ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज हे कोळ्यांचे मोठे जाणकार होते. ऑस्ट्रेलियांतून आलेल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याचें वर्णन त्यांनीं इ. स. १८७४ मध्यें प्रसिद्ध केलें. प्राणी अवघा चार-पांच मिलिमीटर लांबीचा. परंतु नराच्या पोटावर तांबड्या, निळ्या व हिरव्या रंगांची अशी शोभा कीं, मोरपिसाची आठवण व्हावी. मादी मात्र मातकट.

नराच्या पोटाच्या दोन्ही कडांस पातळ पदर असतात, ते एरव्हीं दुमडलेले राहतात. नमुने धाडणाऱ्या गृहस्थानें कळविलें कीं, लांब उडी घेतांना हे पदर पंखांसारखे पसरतात. त्यावरून कोळ्यास ‘व्होलान्स’, म्हणजे उडणारा, असें लॅटिन नांव मिळालें. पिकार्ड-केंब्रिज यांस याचा दोष देणें अन्यायाचें होईल. त्यांच्यापुढें होता तो निर्जीव नमुना, आणि मेलेला प्राणी आपला पदर कशासाठीं आहे हें सांगत नाहीं. परंतु ही समजूत शंभराहून अधिक वर्षें टिकली, हें मात्र नवल खरें!

एकविसाव्या शतकाच्या आरंभीं युर्गेन ऑटो यांनीं सिडनीजवळच्या रानांत हे कोळी जिवंतपणीं न्याहाळले व त्यांचीं चलच्चित्रें घेतलीं. तेव्हां सर्वांसमोर आलें तें असें: मादी दिसतांच नर पोट उभें करतो, पदर पंख्यासारखे पसरतो, तिसऱ्या जोडीचे लांब पाय उंचावून हलवितो आणि डावी-उजवीकडे सरकत नाचतो. जमिनींतून तो कंपनेंही धाडतो, असें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. नृत्य पसंत न पडल्यास मादी त्याच्यावर झडपहि घालते. उडण्याचा येथें संबंधच नाहीं. तरी नामकरणाच्या नियमानुसार पहिलेंच नांव कायम राहिलें.

हा कोळी क्वीन्सलंडपासून टास्मानियापर्यंत, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियांतहि आढळतो. त्याच्या गोत्रांतील ज्ञात जाती आतां शंभराहून अधिक आहेत. बहुतेक कोरड्या झुडपांत राहणाऱ्या. म्हणून २०२१ सालीं वर्णिलेल्या ‘नेमो’ जातीनें अभ्यासकांस चकित केलें. दक्षिण ऑस्ट्रेलिया व व्हिक्टोरिया यांतील दलदलींत, उथळ पाण्यांत उभ्या असलेल्या वनस्पतींवर ती सांपडली. तिच्या नराच्या पोटावर रंगीत पंखा नाहींच. नारिंगी तोंडावर तेवढे पांढरे पट्टे आहेत.