चष्मा लागला म्हणून विमान चुकत नाही

‘पोरीला चष्मा लागला, आता कसली हवाई सुंदरी!’ असं आम्ही हिवरा आश्रमच्या बायाही म्हणायचो. पण या अटीमागं इतिहास आहे.

१८६२ साली हॉलंडच्या डॉ. स्नेलेन यांनी लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता केला. सहा मीटरवरून ठरलेली ओळ वाचता आली, की नजर ६/६.

१९३० साली अमेरिकेत एलेन चर्च ही नर्स पहिली हवाई सेविका झाली. पुढं कंपन्या रूप पाहू लागल्या. कित्येकींना चष्मा चालेना. आपल्याकडं तर पहिल्या गरोदरपणातच एअर इंडियाची नोकरी सुटायची. सेविका कोर्टात लढल्या. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं ती अट रद्द केली.

आज अनेक कंपन्यांत लेन्स लावून नीट दिसलं तरी चालतं. म्हणून पोरीला फळा दिसत नसेल तर लपवू नका, डोळे तपासून घ्या.